हिमशकटाचा तोल

वाहन विकत घेणे निराळे आणि ते बालकाच्या अंगास बेतणे निराळे. वडील भावाचा सदरा धाकट्यास घातला तर फार तर चार माणसे हसतील. परंतु मोठ्यांच्या हिशेबाने सिद्ध केलेली गाडी मुलाच्या हाती दिली, तर गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी राहत नाही.

गेला हिवाळा आम्ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कन्येच्या घरी काढला, तेव्हा ह्या विषयाशी आमचा अनपेक्षित परिचय झाला. त्या मुलखात बर्फावरून धावणारी इंजिनाची गाडी पुष्कळ घरी असते. तिचे नाव स्नोमोबाइल. बोलताना नुसते स्लेड. आमच्या जिभेस हिमशकट हा शब्द अधिक रुचला. जावईबापूंनी आमच्या नऊ वर्षांच्या नातीसाठी अशी एक लहान गाडी जुन्या बाजारातून आणली होती. तिचे इंजिन सुमारे १२० घनसेंटिमीटरचे. वेगास आवर घालणारी योजना आत असल्यामुळे ताशी आठ-दहा मैलांपलीकडे ती जात नाही. एवढ्या वेगात भय ते कसले, असे कोणासही वाटेल. तरी पहिल्याच आठवड्यात, घट्ट दबलेल्या बर्फावर डावीकडे वळताना आतली स्की उचलली गेली आणि गाडी उजव्या कुशीवर कलंडली. शिरस्त्राण होते, बर्फ होते, म्हणून निभावले. कन्येने मात्र गाडी विकून टाकण्याचा हुकूम फर्मावला, आणि नात दोन दिवस गाडीजवळ फिरकली नाही. आम्हांस त्या दुसऱ्या गोष्टीचे अधिक वाईट वाटले.

जावईबापूंचे मत पडले की पकड कमी पडली. धारदार पात्या बसवाव्या, मागच्या पट्ट्यास खिळे ठोकावे. शेजारी एक वृद्ध शेतकरी राहतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली व नेमके उलट निदान केले: पकड कमी नव्हे, जास्त झाली आहे!

ह्याची उपपत्ती अशी. पुढच्या दोन स्की दिशा देतात व मागचा रबरी पट्टा ढकलतो. प्रत्येक स्कीच्या तळाशी, आपल्या बैलगाडीच्या चाकास धाव असते तशी, एक अरुंद धातूची धाव असते. तिच्यावर टंगस्टन कार्बाइडची कठीण धार बसवितात. ती बर्फात रुतते म्हणून गाडी वळते. धार बोथट झाली तर सुकाणू फिरवूनही गाडी सरळच जाते. परंतु धार फाजील तीक्ष्ण असली तर वळणावर स्की तसूभरही घसरत नाही, आणि बाहेर फेकला जाणारा भार गाडीस उलथून टाकतो. मोठा मनुष्य आतल्या अंगास झुकून तोल सावरतो. पंचवीस किलोच्या पोरीने झुकून झुकून किती झुकावे? ह्या गाडीच्या पूर्वीच्या मालकाची मुले तिच्यावर शर्यती खेळत, आणि तिची सर्व मांडणी तीच होती.

मग गॅरेजमध्ये तीन संध्याकाळ काम चालले. तीक्ष्ण धावा काढून सौम्य बसविल्या. पट्ट्यास खिळे मुळीच लावले नाहीत. कारण मागची पकड वाढविली की पुढचीही वाढवावी लागते, नाही तर पट्टा स्कींस सरळ रेटीत नेतो. स्प्रिंगांचा ताण सैल केला. ताठ स्प्रिंगा हलक्या मुलाच्या भाराने दबत नाहीत व गाडी उंच उभी राहते. ते मोजण्यासाठी नातीस जाड कोट, बूट व शिरस्त्राण ह्यांसह आसनावर बसविले, तेव्हा ती दोन दिवसांनी प्रथम हसली. शेवटी लांब भुजा बसवून दोन स्कींमधील अंतर वाढविले. समईची बैठक रुंद का, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे वर्गात विचारीत आलो. त्याचे उत्तर येथे पान्यांच्या खणखणाटात मिळत होते. पट्ट्याच्या सांगाड्यास पुढे एक आवर-पट्टी असते. ती आखडली की भार स्कींवर येतो, सैल सोडली की पट्ट्याकडे जातो. ती कोठे ठेवावी ह्यावर जावईबापू आणि शेतकरी ह्यांचा अर्धा तास वाद झाला व अखेर ती मधल्या भोकात राहिली.

काम चालू असता त्या वृद्धाने बोम्बार्डिए ह्या गृहस्थाचा विषय काढला. क्वेबेक प्रांतातील व्हॅल्कोर्ट गावचा हा यंत्रकुशल मनुष्य बर्फावरील वाहनाची खटपट आधीपासून करीतच होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, रुग्णालय गाठता येईना, आणि मूल गेले. पुढे १९३७ साली त्यास दातेरी चाक व पट्टा ह्यांच्या योजनेचे पेटंट मिळाले, व १९५९ साली त्याची स्की-डू ही लहान गाडी बाजारात आली. हे ऐकून कन्या काही बोलली नाही. पण त्या रात्री तिने गॅरेजमध्ये चहा आणून दिला.

चौथ्या दिवशी नात पुन्हा बसली. मनगटास दोरी बांधली होती. स्वार पडला की ती सुटून इंजिन बंद होते. तिने अंगठ्याने हळूच वेग दिला व घरामागच्या मोकळ्या शेतात तीच डावी वळणे घेतली. गाडी किंचित घसरली, पण कलंडली नाही. ती आत गेल्यावर आम्ही काठी टेकीत जाऊन बर्फावरच्या खुणा पाहिल्या. वळणावर दोन्ही धावांच्या रेघा शेवटपर्यंत अखंड होत्या.

गाडी विकण्याचा विषय कन्येने अद्याप सोडलेला नाही.