सस्पेन्स खातं

बँकेत 'सस्पेन्स खातं' म्हणून एक प्रकार असतो. आलेली रक्कम कुणाची, कशापोटी, हे कळलं नाही की ती तात्पुरती तिथं ढकलायची आणि उलगडा झाला की ज्याची त्याच्या खात्यात वळती करायची. मला नोकरीत वीस-बावीस वर्षं झाली. हे खातं रिकामं झालेलं पाहिल्याचं आठवत नाही. हिंदी रहस्यपटाचं त्यापेक्षा बरं. तीन तासांत खुनी सापडतोच.

अर्थात अलिबागला तीन तास पुरत नसत. १९९७ सालच्या ४ जुलैला 'गुप्त' लागला, म्हणजे मुंबईला लागला. आमच्याकडे यायला त्याला दीड-दोन महिने तरी होते. मुंबईला जाऊन पाहावा, तर पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद. उरली एस.टी., पेणवरून, हाडं मोजत.

आम्ही चौघे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्यातला बंड्या जुलैत अचानक चार दिवस गायब झाला. परतला तेव्हा स्टँडवरच त्याला गाठला.

"कुठं होतास रे?"

"मुंबईला."

"'गुप्त' बघितलास?"

बंड्या जरा घुटमळला. मग म्हणाला, "बघितला."

पुढं तो काही बोलणार, तोच आम्ही शेजारच्या गाडीवरचा गरम वडापाव त्याच्या तोंडात कोंबला. खुन्याचं नाव फुटलं असतं ना!

तेव्हापासून प्रघातच पडला. बंड्यानं तोंड उघडलं की आम्ही वडापाव मागवायचा. तो बिचारा धमकी वगैरे देत नसे. नुसता गंभीर चेहरा करून समुद्राकडं बघत बसे. आम्हांला वाटे, काय भयंकर शेवट असेल! हिशेब अर्थातच माझ्याकडं. गणपतीच्या आत अकरा वडापाव झाले होते.

शेवटी पिक्चर आला. आमच्या त्या थिएटरवर पत्रे होते आणि पत्र्यांवर पाऊस, त्यामुळं निम्मे संवाद देवाला आणि उरलेले आम्हांला. पण खरं सांगायचं तर आमचं पडद्याकडं लक्षच नव्हतं. राज बब्बरचा खून झाला, पोरावर म्हणजे बॉबी देओलवर आळ आला, तो तुरुंगातून पळाला, आणि आम्ही तिघे अंधारात बंड्याचं तोंड न्याहाळतोय. परेश रावल आला, बंड्यानं नाक खाजवलं. झालं, हाच! ओम पुरी आला, बंड्या खोकला. इन्स्पेक्टरच खुनी? मध्यंतरापर्यंत बंड्याच्या चेहऱ्यावरून आम्ही पाच जणांना फासावर चढवलं होतं.

आणि आता चेहरा दिसणार, एवढ्यात लाईट गेली.

शिट्ट्या, शिव्या, पावसाचा ताशा. त्यात आमच्यातल्या एका शहाण्यानं उभं राहून जाहीर केलं, "आमच्या बंड्यानं मुंबईला बघितलाय!" सगळं थिएटर वळलं. स्टॉलमधून कुणीतरी बॅटरीच मारली. "नाव सांग! नाव सांग!"

बंड्या उठला. म्हणाला, "मी पिक्चर बघितलेला नाही."

थिएटरनं त्याचा यथोचित सत्कार केला. तो खाली बसला आणि हळूच आम्हांला म्हणाला, "बाबांना घेऊन परळला गेलो होतो. पोटात गाठ होती. कुणाला सांगू नकोस म्हणाले. आईलासुद्धा नाही."

आता बोलायचं काय? तिघांच्याही हातात शेंगदाण्याच्या पुड्या तशाच.

"मग?"

"साधीच निघाली. परवा रिपोर्ट आला."

"अरे गाढवा, आम्हांला तरी सांगायचंस! दीड महिना एकटाच..."

"दोनदा सांगायला आलो होतो," बंड्या म्हणाला, "पण तुम्ही तोंड कुठं उघडू देत होता!"

लाईट आली. खुनी कळला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं बंड्याच ओरडला. नाव मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्या कामासाठी फिल्मफेअरचं खलनायकाचं बक्षीस पहिल्यांदाच एका बाईला मिळालं. हात्तिच्या! अर्धं सांगूनच बसलो की.

बाहेर पडताना बंड्यानं अकरा वडापावांचे पैसे पुढं केले. ते कशापोटी जमा करायचे हे काही आम्हांला ठरवता येईना, म्हणून घेतले नाहीत. ती रक्कम अजून सस्पेन्समध्येच आहे.

बंड्याचे बाबा आता ऐंशीला टेकलेत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्याच काउंटरला येतात. "जिवंत आहे हे दरवर्षी सांगायला लावता तुम्ही!" म्हणून मलाच झापतात. परळचं कुणाला माहीत नाही, अशी त्यांची अजून पक्की समजूत आहे. मी मान खाली घालतो आणि शिक्का मारतो.