दाराखालची फट

वडूजचा वारा ज्यांनीं अनुभवला नसेल, त्यांस या लेखाचा विषय क्षुल्लक वाटेल. आमचा खटाव तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. उन्हाळ्यांत येरळेचें पात्र कोरडें पडलें म्हणजे वारा धूळ घेऊन घरोघर शिरतो, आणि थंडींत तोच पहाटे पायांस झोंबतो. आमच्या जुन्या घराचा उंबरठा मधोमध झिजलेला. दार लाविलें तरी खालीं दोन बोटें फट राहतेच.

त्या फटींत रात्रीं गोणपाट कोंबण्याचें काम आजीनें आम्हांकडे सोंपविलें होतें. तें दारांत अडकतें, हातास टोंचतें, अशा सबबी सांगून आम्ही पुष्कळदां टाळीत असूं. गतवर्षीं वैशाखांत अशाच एका रात्रीं धाकट्या बहिणीच्या पायास विंचवानें दंश केला. तिला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले. वडिलांनीं तिला तत्काळ दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं प्राझोसिनची गोळी दिली व रात्रभर तिची नाडी आणि रक्तदाब पाहिला. लाल विंचवाच्या विषानें हृदयावर भार पडतो. त्यावर हें औषध गुणकारी असल्याचें महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं १९८६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मांडलें. त्यापूर्वीं या दंशानें कित्येक मुलें दगावत. उजाडतां बहिणीनें पेज मागितली. आजीनें आमच्याकडे एकदां पाहिलें, बोलली मात्र कांहीं नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

त्या आठवड्यांत आम्हीं सुई हातीं घेतली. आजीच्या विरलेल्या लुगड्याची लांब पिशवी शिवून तींत बाजरीचा भुसा भरला. ती इतकी हलकी झाली कीं वारा तिला ढकलूं लागला, आणि तिसरे रात्रीं उंदरांनीं ती फाडली. मग बांधकामांतून उरलेली वाळू शेजाऱ्यांकडून मागून आणिली. सकाळीं उंबरठ्यावर वाळूची रेघ! शेजारच्या काकू हंसल्या. पोराच्या हातीं सुई त्यांना नवलाचीच होती.

आजी शेवटीं जवळ येऊन बसली. "धावदोऱ्यानं गोधडी व्हती, लेकरा. वाळू न्हाई राहत. उलटी टीप घाल."

तीन फुटांच्या दारासाठीं चाळीस इंच लांब व नऊ इंच रुंद अशी मांजरपाटाची पट्टी घेतली. ती लांबींत दुमडून, बारीक उलटी टीप घालून, एक टोंक उघडें ठेविलें. वाळू चाळून, धुऊन, उन्हांत कडकडीत वाळविली. ओली वाळू कापड कुजविते. कागदाच्या नरसाळ्यानें सुमारें चार किलो भरली, परंतु ठासून नव्हे, कारण पिशवी सैल असेल तरच ती झिजलेल्या उंबरठ्याच्या खोलगटांत बसते. वरून लुगड्याची खोळ घातली. ही खोळ काढून धुतां येते.

एक सावधगिरी आम्ही अजून पाळतों. विंचवाचें अंग चपटें असल्यानें तो अशा पिशवीच्या आडोशासही दडून बसूं शकतो. म्हणून सकाळीं ती हातानें उचलावयाची नाहीं; आधीं काठीनें बाजूस सारावयाची.

बहीण त्या पिशवीस अजगर म्हणते. परवां दिवे मालवल्यावर अंथरुणांतून तिनें विचारलें, "दादा, अजगर ठेवलास?"

ठेविला होता. तरी आम्ही उठून पुन्हां पाहून आलों.