पद्मिनीचे हीटर पाइप

"पुण्यात गाडीला हीटर कशाला?" हा प्रश्न मला गेल्या दोन महिन्यांत निदान वीस जणांनी विचारलाय. ऑफिसमधल्या मित्रांनी तर फारच टर उडवली. उत्तर एका ओळीत देतो: जुलैमध्ये, एसी नसलेल्या गाडीत चार माणसं घालून खंडाळ्याला जाऊन बघा. थंडी वाजते म्हणून नाही हो, समोरचं दिसत नाही म्हणून. बाहेर पाऊस, काच गार, आत चौघांचे श्वास आणि ओल्या छत्र्या. पाच मिनिटांत काच आतून पांढरी होते. मग शेजारी बसलेल्याने फडकं फिरवत राहायचं आणि ढगात शिरलेल्या घाटात ट्रकचे दिवे शोधायचे. काचेवर गरम हवा सोडली की काच तापते आणि धुकं आपोआप विरतं. बास, एवढंच हीटरचं काम.

गाडी आमच्या मामाआजोबांची, म्हणजे बाबांच्या मामांची. प्रीमियर पद्मिनी, 1974 ची. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट 1100 ला 'पद्मिनी' हे नाव मिळालं तेच साल. इंजिन 1089 सीसी. (मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली, तेव्हा मामाआजोबांनी ती बातमी पेपरातून कापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. असो.) ते लष्करात होते. डेहराडूनला असताना तिथल्या एका मिस्त्रीकडून त्यांनी हीटर बसवून घेतला. निवृत्तीनंतर सुदुंबऱ्यात घर बांधलं, संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि गाडी अंगणातल्या पत्र्याखाली आली. आता त्यांचं वय 84. मे महिन्यात मला म्हणाले, "यंदा पावसात एकदा घाटात घेऊन चल मला. आपल्याच गाडीतनं." नाही कसं म्हणणार?

बॉनेट उघडल्यावर दिसलं ते असं: हीटरचे दोन्ही होजपाइप एकमेकांत गुंतलेले, एक सुतळीने बांधलेला. दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जवळजवळ टेकून गेलेला आणि त्या जागी दगडासारखा कडक झालेला. मी रोज जो कोड उघडतो त्याचीच आठवण झाली. दर पाच वर्षांनी कुणीतरी येऊन 'सध्यापुरतं' काहीतरी केलेलं.

गावातले मिस्त्री म्हणाले, "दादा, कशाला डोकं लावताय? लूप मारून टाकू." म्हणजे इंजिनमधून निघणारा पाइप बाहेरच्या बाहेर वळवून परत इंजिनलाच जोडायचा, हीटर बाद. सल्ला वाईट नाही. हे पाइप साधे दिसतात, पण त्यातून इंजिनचं उकळायच्या बेतातलं पाणी दाबाखाली फिरत असतं. एक फुटला तर सगळं कूलंट रस्त्यावर. ते घाटात झालं आणि काटा बघायला उशीर झाला तर हेड वाकलंच समजा. बाबाही मिस्त्रींच्या बाजूने होते. पण मला हीटर हवा होता, आणि त्याला आणखी एक कारण आहे. चढावर इंजिन तापायला लागलं की हीटर पूर्ण उघडून पंखा चालू करायचा. तो छोट्या दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो. आपल्याला घाम फुटतो, पण इंजिन वाचतं. डेहराडूनहून मसुरीला जाताना मामाआजोबा हेच करायचे.

म्हणून चार शनिवार दिले. पहिला नुसता तारेत गेला. पाइप विकत घेण्याआधी जाड तार वाकवून मार्ग ठरवला: हेडमधून गरम पाणी निघतं, मधल्या फायरवॉलमधून हीटरकडे जातं आणि तिथून वॉटर पंपाच्या ओढीकडे परत येतं. पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, मॅनिफोल्डपासून लांब आणि डिस्ट्रिब्युटरच्या वरून तर अजिबात नाही, कारण क्लिपमधून थेंब गळला तरी गाडी बंद पडते. दोन्ही पाइप शेजारीशेजारी, समांतर. हे निव्वळ देखणेपणासाठी नाही. नीट लावलेल्या पाइपांवर गळती कुठून होतेय ते एका नजरेत कळतं. सुतळीच्या गुंत्यात ते कळायला अर्धा तास जातो.

सगळ्यात अवघड गेलं ते वळण. सरळ रबरी पाइप जास्त वाकवला की आतून मुडपतो, बागेतल्या नळीसारखा, आणि पाणी अडतं. तिथे साच्यातून काढलेला तयार कोपरा लागतो. तो पुण्यात दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा मिळाला आणि कापून वापरला. दुसरी गंमत म्हणजे पाइप ताणून बसवला तर जास्त छान दिसतो, आणि तेच घातक. पाय दाबला की इंजिन रबरी माउंटवर डोलतं, बॉडी मात्र जागेवर राहते. त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये पाइपाला थोडी ढील हवीच. पण ढील वर उचलून ठेवली तर त्या उंचवट्यात हवा अडकते आणि हीटर गार पडतो, म्हणून ती खालच्या बाजूला ठेवली. फायरवॉलच्या भोकांत रबरी ग्रोमेट, बॉडीवर अस्तर लावलेल्या क्लिपा. होज क्लिपचे स्क्रू सगळे वरून पाना लागेल असे फिरवून घेतले, कारण इंजिन एकदा तापून गार झालं की ते परत आवळावे लागतात.

मिस्त्री तिसऱ्या शनिवारी आले, बराच वेळ आत बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे कंपनीचं वाटतंय." ऑफिसात मिळालेलं कुठलंही सर्टिफिकेट यापुढे फिकं आहे.

कागदांचा प्रश्न शिल्लक होता. गाडीला पन्नास वर्षं झाली, म्हणजे 2021 च्या नियमांप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. बाबांना ते फार आवडलं होतं. पण तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. मामाआजोबांनी दोन शब्दांत विषय संपवला: "प्रदर्शनात नको." मग नेहमीचंच नूतनीकरण केलं.

परवा तळेगावपर्यंत जाऊन आलो. पाऊस बऱ्यापैकी होता, काच स्वच्छ, फडकं मामाआजोबांच्या मांडीवर तसंच घडी घातलेलं. इंजिनचा काटा मात्र वर यायला फार वेळ लागला. त्यामुळे घाटात जाण्याआधी थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात उघडतो-मिटतो का ते बघायचंय. आईने त्यासाठी चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिलाय.