मिठास साखरेची सोबत

कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेविलें म्हणजे घटकाभरांत त्यांस पाणी सुटतें, हें आमच्या घरांतील मुलींस शाळेंत जाण्यापूर्वींच ठाऊक असतें. जिकडे विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पाणी पेशींच्या आवरणांतून वाट काढतें, हा त्याचा शास्त्रार्थ. परंतु पाण्यास जो उंबरठा सुगम, तो मिठास दुर्गम आहे. आवरण स्निग्ध पदार्थाचें असल्यामुळें मिठाच्या कणांस त्यांतील नेमकीं द्वारेंच गांठावीं लागतात.

गेल्या आषाढांत आमच्या धाकट्या नातवास अतिसार झाला. "पाजलेलें पाणी ठरत नाहीं, तर पाजावें तरी कशाला?" असा प्रश्न आमच्या कुटुंबानें केला. सूनबाईंनीं मात्र मीठ-साखरेचें पाणी चमच्या-चमच्यानें चालूच ठेविलें व मूल सांवरलें. तथापि सासूबाईंचा प्रश्न निरर्थक नव्हता. त्याचें उत्तर आंतड्याच्या पेशींत आहे.

त्या पेशींवर एक द्वार असें आहे कीं, त्यांतून सोडियम व ग्लुकोज हीं जोडीनेंच आंत जातात. रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञांनीं १९६० सालीं प्राग येथें ही कल्पना मांडिली. पटकीचें विष शरीरांतील क्षार व पाणी आंतड्यांत लोटतें, पण हें द्वार तेव्हांही शाबूत राहतें. साखरेच्या सोबतीनें मीठ आंत गेलें, कीं पाणी त्याच्यामागोमाग जातें. नुसत्या पाण्यानें हें कार्य साधत नाहीं.

१९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणींत पटकी उसळली. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें रुग्णांस पाजण्याची व्यवस्था केली. शेंकडा ३० च्या घरांतील मृत्युप्रमाण ४ च्या आंत आलें.

प्रमाण मात्र कसोशीनें पाळावें: उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. साखर वाढविल्यास कैरीचाच न्याय लागून आंतड्यांत उलट पाणी सुटतें. मूल मलूल होऊं लागलें, तर डॉक्टरांकडे नेण्यास क्षणाचाही विलंब करूं नये. हें प्रमाण आमच्या कुटुंबानें आतां स्वयंपाकघरांतील फडताळाच्या दारावर खडूनें लिहून ठेविलें आहे. वाचकभगिनींनींही तसें करावें, अशी आमची विनंति आहे.