मेस्त्री

कोकणात आमच्याकडे सुताराला ‘सुतार’ म्हणून कुणी हाक मारत नसे. घराचे वासे बदलायला येणारे गृहस्थ आजोबांहून कितीतरी लहान, पण आजोबा म्हणत, ‘येवा मेस्त्रीनू, बसा.’ ओटीवर रंधा, पटाशी, गुण्या मांडला की आम्हां पोरांना तिकडे फिरकायची बंदी. तेवढाच धाक शाळेतल्या मास्तरांचा. हे दोघे मुळात एकाच घरातले, हे मात्र फार उशिरा कळलं.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, पुढे वसई. त्यांच्या भाषेत कसबी कारागीरही ‘मेस्त्र’ आणि शिकवणाराही ‘मेस्त्र’. आपल्याकडे कारागीर तेवढा राहिला: मेस्त्री, मिस्त्री, गोव्यात मेस्त. पारशांत तर त्याचं आडनाव झालं. पगार, चावी, बिजागरी, घमेलं हेही त्याच भाषेतून आलेले. ‘मेस्त्र’चं मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’. इंग्रजीतला ‘मास्टर’ही त्याच्याच वंशातला, तो आपल्या शाळेत मास्तर झाला आणि शिंप्याच्या दुकानात मास्टरच राहिला. ‘मॅजिस्टर’च्या मुळाशी ‘अधिक’ हा अर्थ आहे, तर ‘मिनिस्टर’च्या मुळाशी ‘उणा’. लाल दिव्याच्या गाड्या पाहताना मला हे हटकून आठवायचं.

मुंबईत आल्यावर मिस्त्री बदलले. गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेला मिस्त्री, नळ गळायला लागला की बोलवायचा मिस्त्री. आमच्या इमारतीचं काम निघालं तेव्हा मराठवाड्यातला एक पोरगा बिगारी म्हणून आला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पेंगत असताना हा थापी घेऊन जिन्याखालच्या भिंतीवर गिलावा मारून बघायचा, आवडला नाही की खरवडायचा. पुढच्या पावसाळ्याआधी दिसला तो ओळंबा धरून. मिस्त्री कधी झालास, विचारलं. म्हणाला, ‘मुकादमानं मिस्त्रीची हजेरी लावली, तवापासून.’ सर्टिफिकेट वगैरे काही नाही. मला हा कारभार विद्यापीठांपेक्षा बरा वाटला होता.

पण त्याची काकूही तिथेच होती. माल कालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाळू चाळलेली नाही, हे ती चिमूट चोळून सांगायची. पोरगाही तिलाच विचारून पाणी घालायचा. या धंद्यात ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिची हजेरी अजून बिगाऱ्याची लागते.