नावातच कपाशी

गुलाबी बोंडअळी काय असते, हे आमच्या शेवगाव-पाथर्डीकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण तिचा पुढे जो पतंग होतो, तो बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो. जेमतेम सेंटीमीटरभर, मातकट रंगाचा. दिवसा ढेकळांत नि पाल्यात दडतो, उडतो तो रात्री.

मला गंमत वाटली ती त्याच्या नावाची. साँडर्स नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८४३ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही शेजारच्या भडोचच्या कापसावरून! १९१७ साली बुस्कने त्याला 'पेक्टिनोफोरा' हे नवं नाव दिलं, पण साँडर्सचं 'गॉसिपिएला' कायम राहिलं. अर्थ साधा, कपाशीचा. कुळ जेलेकिइडी. म्हणजे संगमनेरकडे टोमॅटोवाल्यांना ठाऊक असलेली टुटा याचीच भावकी.

मादी पात्याफुलांवर, बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते ती थेट आत. फुलात शिरली तर पाकळ्या आतून बांधून टाकते, तीच आपली डोमकळी. बोंडात शिरली की मागचं भोक बुजतं, मग वरून कितीही फवारा. साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार. थंडीत मात्र कित्येक अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत महिनोन्महिने निजून राहतात.

२००६ साली दोन जनुकांचं बीटी बियाणं आलं, तेव्हा वाटलं, सुटलो. २०१७ च्या हंगामाने तो भ्रम घालवला. अमेरिकेने मात्र २०१८ साली आपल्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बीटी होतंच, शिवाय कामगंध सापळे, नपुंसक केलेले पतंग आणि वेळेवर रान मोकळं करणं. हे सगळं सगळ्यांनी मिळून केलं.

आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. डिसेंबरात कपाशी उपटली तर अळीची साखळी तुटते. पण फरदड ठेवली तर आणखी एक-दोन वेचण्या होतात, नि ते पैसे कुणाच्या औषधाचे असतात, कुणाच्या फीचे. त्यांना हावरट कसं म्हणणार?

आमच्या मामांनी यंदा उपटली. म्हणाले, "आपल्यापुरतं तरी करावं." बांधापलीकडे मात्र अजून हिरवीगार उभी आहे. आणि पतंगाला बांध कळत नाही.