खुर्दा

परवां वर्गांत एका ग्रंथकाराविषयीं बोलतां बोलतां आम्हीं 'दीडदमडीचा' हें विशेषण वापरलें. मुलें हंसलीं. अर्थ कोणास सांगावा लागला नाहीं. पण दमडी म्हणजे काय, असें विचारतांच सगळा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागला. त्यांत त्यांचा दोष नाहीं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै हें कोष्टक 1 एप्रिल 1957 रोजीं दशमान पद्धति आली तेव्हांच मोडलें; आम्हींसुद्धां तें वडिलांच्या तोंडूनच ऐकलें. आमच्या लहानपणीं पंचवीस पैशांस 'चार आणे' म्हणत, एवढाच त्याचा अवशेष उरला होता, आणि 30 जून 2011 नंतर ती पावलीही चलनांतून उठली. दमडी तर पैशाचाही एक अंश. ती त्याच्या कितीतरी आधींच नाहींशी झालेली.

नाणें गेलें, पण त्याच्या नांवानें चाललेली हेटाळणी मात्र टिकली, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. मराठींत मातीच्या भावानें विकलेली वस्तु 'कवडीमोल', कृपण मनुष्य 'कवडीचुंबक', आणि ज्याची कोणी पर्वा करीत नाहीं तो दीडदमडीचा. उलट सचोटीच्या माणसास आपण 'बंदा रुपया' म्हणतों, आणि खरें असेल तें 'सोळा आणे' खरें. इंग्रजीचीही हीच तऱ्हा आहे. तिचें फार्दिंग 1960 च्या अखेरीस चलनांतून गेलें, तरी तुच्छता दाखवावयास तें अजून हाताशीं असतेंच. ('चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला' या म्हणीकडे मात्र आमचा थोडा पक्षपात आहे. दोहोंची बेरीज बरोबर एक रुपया होते. म्हण करणारा हिशेबाला पक्का असला पाहिजे.)

हीं विशेषणें कोणीं घडविलीं असतील? ज्याच्या कनवटीला रुपया होता त्यानेंच, असें आमचें मत आहे. ज्या कवडीला आपण फुटकी म्हणून झिडकारतों ती मालदीव बेटांतून गलबतांत भरून हिंदुस्थानांत येत असे, आणि तिच्यावर गरिबांचा बाजार चाले. कवड्या मोजून मीठ-मिरची नेणाऱ्या बाईच्या तोंडीं 'कवडीमोल' हा शब्द कसा येईल?

या सर्वांत 'खुर्दा' हा शब्द आम्हांस अधिक बोचतो. मूळ फारशी, खुर्द म्हणजे लहान. आपल्या गांवांच्या नांवांतले बुद्रुक आणि खुर्द सर्वांस ठाऊक आहेत. तोच शब्द सुट्या नाण्यांस लागला, आणि फौजेची दाणादाण झाली म्हणजे तिचा 'खुर्दा उडाला' असेंही आपण म्हणूं लागलों. 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर जें झालें त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेंतून कळली, असें परंपरा सांगते. त्यांत विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हीं दोन मोत्यें झालीं, मोठमोठे सरदार सत्तावीस मोहरा झाले, आणि बाकीचें लष्कर म्हणजे रुपये व खुर्दा. त्याची गणती नव्हती. शाळेंत हा मजकूर शिकतांना मोत्यांपाशीं आमचा कंठ दाटे. आतां पन्नाशी उलटल्यावर मन शेवटच्या शब्दाशींच अडतें. त्या खुर्द्यांतल्या प्रत्येकाच्या घरीं कोणीतरी वाटेकडे डोळे लावून बसलें असेल, आणि त्या घरापुरता तरी तो खुर्दा नव्हता.

पैशाची बूज राखणारीं माणसेंही या महाराष्ट्रांत झालीं, हें येथें सांगितलें पाहिजे. अंताजी दामोदर काळे यांनीं एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, आणि त्यांतून तळेगांव येथें 1908 सालीं कांचेचा कारखाना निघाला. रुपया मागितला असता तर वर्गणीदारांची संख्या फारच आटोपशीर झाली असती! आमच्या आजीची 1957 पूर्वींची एक हिशेबाची वही घरीं आहे. तींत रुपयांचा रकाना बहुतेक ओळींत कोरा, आणि पैचा मात्र बारीक अक्षरांनीं भरलेला. तिनें कोणास दीडदमडीचा म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

खेड्यांत तर आण्यांचा हिशेब अजूनही पुरता सरलेला नाहीं. पिकाचा अंदाज पूर्वीं आण्यांत बांधीत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. पुढें सरकारी कागदांत 'आणेवारी'ची 'पैसेवारी' झाली, आणि ती 50 पैशांच्या आंत आली कीं गांव टंचाईचें धरून सवलती देण्याची वहिवाट वर्षानुवर्षें चालली. शेतकऱ्याच्या तोंडीं मात्र शब्द आणेवारी हाच. आमचे एक नातलग शेती करितात. मागें एका कोरड्या वर्षीं दसऱ्याला ते आमच्याकडे आले असतां आम्हीं पिकाची चौकशी केली. "आठ आण्यांच्या आंत येईलसं दिसतंय, भाऊसाहेब," ते म्हणाले, आणि लगेच त्यांनीं विचारलें कीं, तशी ती आली तर मुलीच्या परीक्षेची फी माफ होईल, कीं अर्ज आधींच करावा लागेल?